बरण्या स्वच्छ धुवा

नाही नाही, उघडू नका. राहू दे तशीच, झाकणासकट. — चव घेऊन काय सांगणार मी तुम्हाला? चवीला छानच असणार. वासालाही छानच असणार. लसूण आहे, ओरेगानो आहे, तेल चांगलं दिसतंय, आणि बरणी तर काय, नुसती लखलखतेय — उकळत्या पाण्यात घातली होती म्हणता? दोनदा? हो, दिसतंय ना. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, या अशा इकडे, द्राक्षाच्या मांडवाखाली. माते घ्या, आमचा हा पाल्याचा चहा, पाणी तापलेलंच आहे. नळी ढवळू नका तेवढी, पाला वर येतो. आणि जरा हळू बोलू या, आत बहीण झोपलीय. हो, तीच. व्हिडिओतली. इर्मा. — तुनुयानहून आलात? बसने? एवढ्या उन्हात, मला वांग्यांची बरणी द्यायला आणि विचारायला की नोन्ना नेली, नेली आजी, बरोबर झालीत का हो? म्हणजे शंका आली होती तुम्हाला. आली ना? नाहीतर माणूस आपण केलेलं खातो आणि गप्प बसतो, तीन गावं ओलांडून विचारायला येत नाही. — तुम्हाला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या सुनेएवढी दिसतेस. तू खाल्लीस का ह्यातली? ह्यातली नाही, आधीच्या बरणीतली. कधी? गेल्या महिन्यात — आणि डोळ्यांना काही? एकाचे दोन दिसले? घास अडकला? जीभ जड झाली? नाही. बरं. मग त्या बरणीतून सुटलीस तू. नाही, तुझ्या हाताला काही झालेलं नाही, हात चांगलाच असेल तुझा. सांगते. घाई नाही ना बसची?

तू म्हणतेस पारखून घेतेस. कशी पारखतेस? — हं. बाई म्हातारी असली पाहिजे. हात सुरकुतलेले. मागे खरंखुरं स्वयंपाकघर, काळं पडलेलं पातेलं, चकचकीत फरशा नकोत. आणि खाली लोकांनी लिहिलेलं वाचतेस — मस्त झाली, नवऱ्याने बोटं चाटली, माझ्या आजीची आठवण आली. बरोबर आहे. मीसुद्धा तसंच पारखलं असतं. पण मला सांग, ते लिहितात कधी? व्हिडिओ बघितला की लिहितात. नाहीतर केल्या केल्या लिहितात, बरणी अजून गरम असते तेव्हा. दोन महिन्यांनी बरणी उघडून कुणी लिहिलंय का खाली? आणि जिला झालं ती कुठून लिहिणार? तिला पापणी उचलता येत नाही, ती काय लिहिणार आहे! म्हणून खाली सगळं छानच छान असतं. म्हातारी बाई, सुरकुतलेले हात — हे बघ. हा अंगठा. हा व्रण ओळखलास ना? द्राक्षं छाटताना कात्री लागली होती, तरुणपणी. हात माझेच आहेत. तू बघितलेस ते हेच. हात खरे आहेत गं, बाकीचं नाही.

यानिना — माझी सून — वाईट मुलगी नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तू तिला शिव्या घालशील. जर्दाळू सुकवायच्या कारखान्यात होती ती, तो बंद पडला, मग घरात बसून बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली. माझा मुलगा आरिएल ट्रक चालवतो, आठवडेच्या आठवडे घरी नाही. एक दिवस मी न्योकी वळत होते, बटाट्याच्या त्या छोट्या गोळ्या असतात ना, काट्याच्या पाठीवरून फिरवायच्या — तर हिने फोनवर घेतलं. नुसते हात. आणि टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत मला बाजारातली पोरंसोरं विचारतायत, नोन्ना, बटाटे कुठले घेता? मला गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, गंमत नाही, सुख वाटलं. ह्या घरात चाळीस वर्षं रांधतेय, कुणी वळून बघितलं नाही. आणि आता पार कोलंबियातल्या बायका मला गुडघ्याला काय लावता म्हणून विचारतात. मग आम्ही मेंब्रियोचा — पेरूसारखं आंबट फळ असतं ते — घट्ट गोड पाक केला, मक्याच्या दाण्यांची उकड केली, रविवारचा रस्सा केला. सगळं नीट, जसं करतात तसं. तर लोक लिहायला लागले, लांब आहे. फार लांब आहे. आजी, हे लवकर नाही का होत? यानिना म्हणाली, नेली, लोकांना एवढा वेळ नसतो. मी म्हटलं, मग त्यांना सांग बाजारातून आणा. पण व्हिडिओ तोडायला, कापायला लागली ती. आधी माझं बोलणं तोडलं — मी फार बोलते, ते तर तू बघतेच आहेस — मग ढवळणं तोडलं, मग वाट बघणं. आता वाट बघणंच काढून टाकलं तर स्वयंपाकात उरतं काय, सांग? पण दिसायला छान दिसायचं. पातेलं चढलं की झालंच.

वांग्यांचं तसंच झालं. वांगी आमच्या घरची म्हणजे आईची. मिठात ठेवायची, कडू पाणी पिळून काढायचं, आणि मग व्हिनेगरमध्ये उकळायची — व्हिनेगरमध्ये, समजलं? त्या वाफेने डोळे चुरचुरायचे, आम्ही दोघी बहिणी खोकत खोकत अंगणात पळायचो आणि आई आतून ओरडायची, या परत, लाडक्या राजकन्यांनो! मग निथळायची, मग तेल, लसूण, तिखट. ती कपाटात राहतात. दुसरी एक तऱ्हा आहे, कच्च्या वांग्यांची. मिठात मऊ करायची, तेल-लसूण घालून त्याच दिवशी मांस भाजायचं असेल तेव्हा पावाबरोबर खायची, उरली तर फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. बस्स. ती साठवायची नसतात. त्या दिवशी आमच्याकडे मांस भाजायचं होतं म्हणून मी ती दुसरी केली, आणि हिने घेतली. रंग सुंदर आला — व्हिनेगरची वांगी मातकट दिसतात, ही कशी जांभळी-पांढरी, चमकणारी. मी बोलले होते गं. मी म्हटलं होतं, ही साठवायची नाहीत हं, फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. माझ्या तोंडाने बोलले होते. ते तोडलं. लांब होत होतं. आणि मग कुणीतरी विचारलं, किती दिवस टिकतात? तर यानिनाला आठवली ती कपाटातली, आईच्या पद्धतीची, जी तिने माझ्याकडे वर्षानुवर्षं बघितली होती — तिला वांगी म्हणजे वांगी, ती शहरातली — आणि तिने लिहून टाकलं, झाकण घट्ट लावा, कपाटात महिनोन्‌महिने राहतात. शेवटी मी पावावर घेऊन खाते ते बघितलंस? ती जुन्या बरणीतली. व्हिनेगरची. नवी तोवर आमच्याकडच्या लोकांनी संपवली होती.

आता तू विचारशील, तुझी बहीण तर त्याच आईची मुलगी, तिला कळलं नाही? — विचार, सगळेच विचारतात. इर्मा माझ्याहून मोठी. आणि स्वयंपाक इर्माचा, माझा नाही. हे व्हिडिओवाल्यांना माहीत नाही, पण तिच्या गावात, मालार्ग्वेत, कुणालाही विचार. लग्न असो, बाळाचं बाप्तिस्म्याचं जेवण असो, इर्माला बोलवा. आईने मरताना तांब्याचं मोठं पातेलं तिला दिलं, मला भिंतीवरचं घड्याळ. मी कधी काही केलं की इर्मा चमचा तोंडात घालायची आणि म्हणायची, बरं झालंय. बरं झालंय! एवढंच. साठ वर्षं. आणि आता म्हातारपणी जगाची नोन्ना झाले मी. तिने काही म्हटलं नाही. फोन करणं तेवढं कमी केलं. मीही केला नाही, म्हटलं फुगलीय तर फुगू दे. आणि एक दिवस वांग्यांच्या खाली तिचं लिहिलेलं दिसलं. इर्मा, माझी बहीण, फुलाचं चित्र लावलेलं — नेली, तुझ्या पद्धतीने केली, खरंच छान झाली, आई उगाच व्हिनेगर जाळायची. मी ते यानिनाकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा होता माझ्याकडे, तरी. "खरंच छान झाली." इर्माने. मला वाटलं, न्योकीबद्दल असेल, चुकून इथे लिहिलं असेल, यानिना म्हणाली नाही, वांग्यांचंच आहे. मी विचार केला नाही की ती बरणीत भरून ठेवील. कसं वाटणार? मला ठाऊक नव्हतं की तिथे कपाट लिहिलंय. मी लिहिलेलं वाचत नव्हते, मी फक्त लोक काय म्हणतात ते वाचून घ्यायचे.

तेही अजून आहे, तिचं लिहिलेलं. काहींनी तो व्हिडिओ उचलताना खाली लिहिलेल्याचेही फोटो सोबत लावलेत, त्यात आहे. तूही वाचलं असशील.

मग हिवाळ्यात तिची शेजारीण आली सकाळी, तर इर्मा कॉफी कपाबाहेर ओततेय. टेबलावर. म्हणाली, दोन कप का ठेवलेस गं? कप एकच होता. शेजारणीला वाटलं, झोप झाली नसेल. दुपारी बोलणं जड झालं, पापण्या पडायला लागल्या, पाणी नाकातून परत आलं. लकवा म्हणाले आधी. आरिएलने ट्रक टाकला आणि मला घेऊन गेला. तिथे एक तरुण डॉक्टर होती, बारकी, तिने सगळ्यांना बाजूला केलं आणि मला विचारलं, काय खाल्लं होतं ह्यांनी? घरचं काही भरलेलं? बरणीतलं? आणि मी तोंड उघडायच्या आधी इर्माने — डोळे मिटलेले, जीभ हलत नाही — तिने दोन्ही हात असे केले, बरणीएवढे. आणि मग झाकण फिरवल्यासारखं. — त्या विषावरचं औषध विमानाने मागवलं. आलं, दिलं. पण ते पुढचं थांबवतं, झालेलं परत आणत नाही. मग गळ्याला भोक, मग यंत्र. मी तिच्या उशाशी बसायचे, तिला सगळं ऐकू यायचं, डॉक्टर म्हणाली होती, डोकं पूर्ण शाबूत आहे, आत जागी आहे ती. आत जागी. नुसती पडून. तू विचार कर, इर्मासारखी बाई, जिने कधी कुणाला चमचा धरू दिला नाही.

आणि महिन्यांनी, भोकावर बोट ठेवून बोलायला शिकवतात ना, तसं शिकवलं, तर पहिलं काय बोलली? पाणी नाही, देव नाही. म्हणाली, "नेली, माझी बरणी नीट धुतलेली नव्हती." — मी म्हटलं, काय? — "तू पण तशीच केलीस. तुम्ही सगळ्यांनी खाल्ली. तुला काही झालं नाही. म्हणजे माझीच बरणी घाण." बघ, विचार किती सरळ केला तिने. पडल्या पडल्या हाच विचार केला होता. डॉक्टर तेव्हा खोलीत नव्हती. यानिना दारात उभी होती, तिचा चेहरा असा कागदासारखा. तिचं चौथं चाललं होतं तेव्हा पोटात, आधीची तीन गेलेली. आणि मी — मी म्हटलं, हो इर्मा. होतं असं. म्हातारपणी नजर कमी होते.

नाही, तसं बघू नकोस माझ्याकडे. यानिनासाठीच म्हटलं. पोरीसाठी. — म्हणजे तेवढ्यासाठीच. — आयुष्यभर तिचा हात कधी चुकला नाही, आणि ती पहिल्यांदा मला म्हणत होती, नेली, माझं चुकलं, तुझं बरोबर — मला त्या वेळी क्षणभर — जाऊ दे. पाणी गार झालं. थांब, बदलते.

यानिनाने वांग्यांचा व्हिडिओ काढून टाकला होता. दवाखान्यात बरणीचं कळलं त्याच दिवशी. रडली, उलट्या केल्या, म्हणाली, मी परत कधी फोन हातात घेणार नाही. पण काढून काय होतं? लोकांनी उचललेला होता. आता माझे हात कुठे कुठे आहेत — एकीकडे बाईचं नाव ग्रासिएला, एकीकडे कुठल्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सची गुप्त पद्धत, एकीकडे तर पोर्तुगीज बोलतायत माझे हात. आरिएलने लिहिलं एकांना, दुसऱ्यांना, हे विषारी आहे, काढा. एकाने उत्तर दिलं, तुम्हीच का खऱ्या मालकीण, जळता का? बाकीच्यांनी तेही नाही.

आणि ह्यापुढचं ऐक, म्हणजे तुझी ही लखलखीत बरणी कुठून आली ते कळेल. इर्माला आम्ही इथे आणलं, ती एकटी कशी राहणार. चाकांच्या चौकटीच्या आधाराने चालते, घास अजून पातळ करून द्यावा लागतो, पापणी एक अर्धी. आणि तिने एकच धरलं — मला बायकांना सांगायचंय. माझं झालं ते झालं, दुसरीचं नको व्हायला. नेली, तू एवढी लोकप्रिय, यानिनाला सांग माझा व्हिडिओ घे. रोज. सकाळी उठली की तेच. यानिना म्हणाली, नेली, आता तरी खरं सांगू या. मी म्हटलं, तिला सांग, जा, तू सांग. गेली ती आत. इर्माने तिच्या पोटावर हात ठेवला — तोवर दिसायला लागलं होतं — आणि म्हणाली, पोरी, माझे केस नीट कर, लोकांसमोर जायचंय. आणि आली बाहेर यानिना, कंगवा शोधायला. झालं. घेतला व्हिडिओ. तू बघितलासच. "मी इर्मा. पन्नास वर्षं लोकांना जेवू घातलं, आणि एका घाणेरड्या बरणीने मला असं केलं. बरण्या स्वच्छ धुवा. उकळा. दोनदा उकळा." श्वास घेत घेत, एकेक शब्द. बघून कोण रडणार नाही? माझ्या न्योकीला जेवढी माणसं आली नव्हती तेवढी एका दिवसात आली. आता ती माझ्याहून मोठी आहे, परत. आणि खरी आहे गं ती! तिच्यात खोटं काहीच नाही. म्हातारी, आजारी, सुरकुतलेले हात, खरा आवाज — तुझ्या सगळ्या कसोट्यांना उतरते. फक्त सांगतेय ते चूक आहे.

मातीत असतं ते, त्या विषाचं बी. वांग्याच्या सालीला असतं, लसणीला असतं. बरणी कितीही उकळ. बरणीत नसतंच. आंबट नाही, वर तेल, आत हवा नाही — त्याला तेच हवं असतं. ना वास, ना फेस, ना रंग. त्या बारक्या डॉक्टरने समजावलं मला. आणि आता बायका काय करतात? पूर्वी थोडी तरी भीती असायची, आता दोनदा उकळतात, कपडा लावून पुसतात, आणि निर्धास्त भरतात, तीच कच्ची वांगी. तुझ्यासारख्या. इर्माने सांगितलंय म्हणून. आणि लिहितात तिला — धन्यवाद इर्मा मावशी, तुमच्यामुळे मी बरण्या नीट उकळल्या. मी वाचून दाखवते तिला, रोज दुपारनंतर, झोप झाली की. तेवढ्यासाठी उठते ती. नाहीतर डॉक्टरने सांगितलं होतं, मनाने हाय खाल्लीय, हा हिवाळा काढणार नाहीत. काढला. दुसराही काढला. म्हणते, माझं पडणं फुकट गेलं नाही नेली. — आता तू सांग, काढू तो व्हिडिओ? कसा काढू? जाऊन काय म्हणू, इर्मा, बरणी स्वच्छ होती, तुझा हात चुकला नव्हता, माझे हात होते, आणि तू सांगितलेलं ऐकून अजून कितीजणी —

पिशवीत का ठेवतेस ती? टाकून दे. इथे नको, कुत्रा उकरतो. मला दे, मी पुरते. — खाल्ली तर काही झालं नाही म्हणतेस. दरवेळी होत नाही, म्हणून तर. — काय? बाकीच्या? बाकीच्या कुठेयत? — दिल्यास? कुणाला? शाळेच्या जत्रेत मांडल्या — सगळ्या विकल्या गेल्या? नावं माहीत आहेत घेणाऱ्यांची? थोड्यांची. मग फोन लाव. आज इथे तार तुटलीय, लागत नाही, वरच्या रस्त्याला पाटाच्या पुलापाशी लागतो, तिथे जाऊन सगळ्यांना सांग, शाळेला सांग. रड नंतर. हो, चार वाजताची बस आहे —

ऐकलंस? उठली. इर्मा! आले गं! — तिने आवाज ऐकला तुझा. बाई, एक मिनिट. एकच मिनिट थांब. आत ये आणि तिला फक्त एवढं म्हण, की तुमचा व्हिडिओ बघून आले. कुणी असं घरापर्यंत आलेलं नाही अजून, सगळे लिहितात नुसते. तिला फार — काही खोटं बोलू नकोस, बरण्या उकळल्यास तू, तेवढंच सांग, ते तर खरंच आहे. हात धर तिचा आणि जा मग पुलापाशी. — नाही? — अगं, एक मिनिट म्हणतेय मी, तेवढ्यात कुणी बरणी उघडणार आहे का? — असं काय बघतेस! तुझी बहीण असती तर काय केलं असतंस? — बरं. बरं, जा. जा तू. फाटक ओढून घे नीट, सुटं राहतं ते.

— कुणी नाही गं, इर्मा! पत्ता विचारत होती कुणीतरी. चुकली होती रस्ता.